इंग्रजी चांगलं होतं, एक शब्द राहिला!

'पायलट व्हायचंय, पण आपलं इंग्रजी काही फाडफाड नाही,' असं वाटतंय? मग ही गोष्ट तुमच्यासाठीच.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ पोहोचलं. हवामान खराब, त्यात विमानांची गर्दी. तासाभराहून जास्त वेळ आकाशातच घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन संपत आल्यावर को-पायलटने रेडिओवर 'प्रायॉरिटी' मागितली. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये बजावलं, 'इमर्जन्सी आहे म्हणून सांग.' त्याने कंट्रोलरला सांगितलं, 'पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत आलंय.' थोडं लांबून वळवून आणतो, इंधन पुरेल ना, असं कंट्रोलरने विचारलं. उत्तर गेलं, 'आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.'

काही मिनिटांत इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ जणांचा जीव गेला.

बघा, वाक्यं किती सभ्य होती! पण 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' हे शब्द ऐकले की कंट्रोलर बाकीची विमानं बाजूला करून वाट मोकळी करतो. नेमके तेच शब्द उच्चारले गेले नाहीत.

म्हणूनच 'आयकाओ' या आंतरराष्ट्रीय संघटनेने इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. मार्च २००८पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी पायलट आणि कंट्रोलरला किमान चौथी पातळी लागते. गंमत म्हणजे, चौथ्या पातळीला तुमचा मराठी हेल चालतो, व्याकरणाच्या बारीकसारीक चुकाही चालतात. अर्थ मात्र बिघडता कामा नये. उच्चार, शब्दसंग्रह यांच्याइतकंच महत्त्व समोरच्याचं समजून घेण्याला आणि संवाद साधण्याला असतं. समजलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं. मिळालेली महत्त्वाची सूचना पुन्हा म्हणून दाखवायची, म्हणजे चूक तिथेच पकडली जाते.

ठरलेली वाक्यं पाठ होतात हो. पण प्रवाशाला हार्ट अॅटॅक आला, पक्षी इंजिनात घुसला, तर? तिथे साधं, स्वतःचं इंग्रजीच कामी येतं. म्हणून आजपासून एक करा. रस्त्यावर, कॉलेजात काही घडलं की ते तीन छोट्या इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगा: काय झालं, कुठे झालं, मला काय हवंय. तिसरं वाक्य अजिबात गाळू नका.