वादळ निघून गेल्यावर : सामान कोणाचं, हात कोणाचे?

(सामुदायिक रेडिओवरील बोलणं)



मे महिना म्हणजे आपल्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कुणाची आगोटीची भरणी चालू आहे, कुणी सुके बोंबील डब्यात भरते आहे, कुणाच्या घराची कौलं चाळायची राहिली आहेत. त्यातच आज मी आणखी एक काम तुमच्यापुढे ठेवणार आहे. समजा, समुद्रात वादळ उठलं आणि आपल्या गावावरून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पाड्यात कोणतं सामान हाताशी असेल? ते कोणाच्या घरी असेल? आणि कामाला कोण कोण उभं राहील? आज एवढंच बोलूया.

पूर्वी चक्रीवादळ म्हटलं की ओरिसा नाहीतर आंध्र आठवायचं. आता तसं राहिलं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागांत घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याला वर्ष होतं न होतं, तोच मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. १७ मे रोजी ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि रात्री गुजरातमध्ये दीव आणि उना यांच्या मध्ये जमिनीवर चढलं. म्हणजे आपल्याकडे ते थेट आदळलंही नाही, नुसतं बाजूने गेलं. तरी आपल्या जिल्ह्यात छपरं उडाली, झाडं पडली, आंबा-चिकूची फळं मातीत गेली. गाल कन्स्ट्रक्टर नावाची मोठी बार्ज भरकटत आपल्या वडराईच्या किनाऱ्याजवळ येऊन अडकली. तिच्यावरच्या १३७ जणांना नौदल आणि तटरक्षक दलाने सुखरूप बाहेर काढलं.

असं वारंवार का व्हायला लागलं? चक्रीवादळाला बळ मिळतं ते समुद्राच्या गरम पाण्यातून. अरबी समुद्र पूर्वीपेक्षा गरम झाला आहे, असं हवामानाचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणून मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने आपण सावध राहायचे.

आता मदतीविषयी. वादळात माणसं अडकली तर एनडीआरएफचे जवान येतात. तारा तुटल्या तर वीज मंडळाचे लाइनमन येतात. नुकसानीचा पंचनामा तलाठी आणि ग्रामसेवक करतात. हे सगळं हवंच, आणि ते मागायचा आपला हक्क आहे. पण मैत्रिणींनो, वादळ एकाच वेळी शेकडो गावांवरून जातं. सगळ्या गावांत पहिल्याच दिवशी कुणी पोचू शकत नाही. रस्त्यावर आडवं पडलेलं झाड, उघडं पडलेलं छप्पर, विहिरीत गेलेला पालापाचोळा आणि कोपऱ्यात भिजत बसलेली म्हातारी, यांना त्याच संध्याकाळी हात लागायला हवा. तो हात शेजाऱ्याचाच असतो. आपल्याला हे नवीन नाही. लावणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, हे आपण करत आलोच आहोत.

लोकांनी आपलं सामान आणि आपली मेहनत दिली तर काय होतं, ते केरळने दाखवलं. ऑगस्ट २०१८ च्या पुरात तिथल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि बुडालेल्या गावांत नेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ६६९ होड्या गेल्या आणि सुमारे ६५ हजार माणसं त्यांनी बाहेर काढली. बायकांना होडीत चढता यावं म्हणून एक मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून त्या वर चढल्या. ते चित्र सगळ्या देशाने पाहिलं. त्या होड्या कुणी नव्याने विकत आणल्या नव्हत्या. रोजच्या धंद्याच्याच होत्या. सरकारने नंतर डिझेल आणि होडीमागे दिवसाला ३ हजार रुपये द्यायचं जाहीर केलं, मोडलेल्या होड्यांच्या दुरुस्तीचंही बोललं. हे मुद्दाम सांगते. जो आपलं पोट भरायचं साधन मदतीला काढतो, त्याचं नुकसान भरून द्यायचा विचार गावाने आधीच करावा.

दुसरं उदाहरण बांगलादेशचं. १९७० च्या वादळात तिथे लाखो माणसं गेली. त्यानंतर १९७२ पासून त्यांनी गावोगाव स्वयंसेवक तयार केले. त्यांच्याकडे भोंगा, झेंडे, बॅटरी, रेनकोट, प्रथमोपचाराची पेटी असते. आज असे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या बायका आहेत. बायका का? कारण १९९१ च्या वादळात बायका फार मोठ्या संख्येने मेल्या. घर सोडायला घरातल्या पुरुषाची परवानगी पाहिजे म्हणून कित्येकजणी थांबून राहिल्या होत्या. बाई सांगायला आली तर बाई बाहेर पडते, हे त्यांनी अनुभवातून शिकून घेतलं.

आणि तिसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्राचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरदुरुस्तीचं काम निघालं. तेव्हा गावोगावच्या बायका संवाद सहाय्यक म्हणून उभ्या राहिल्या. दुरुस्ती कशी करायची, पैसे कुठे अडले, हे त्या घरोघर जाऊन समजावत. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि आपलं शिकलेलं सांगायला गेल्या. त्या काही इंजिनीअर नव्हत्या, तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

तर आपल्या गटाने काय करायचं? पहिलं काम सामानाची पेटी. ७०-८० घरांच्या पाड्यासाठी मी सुचवते ती यादी अशी : कडेला कड्या असलेल्या दहा-बारा जाड ताडपत्र्या, नायलॉनचा दोर, दोन शिड्या, चार कोयते, दोन कुऱ्हाडी, दोन मोठ्या करवती, पहार, फावडी, घमेली, चार हेल्मेट, जाड हातमोजे, गमबूट, शिट्ट्या, चार्जिंगच्या बॅटऱ्या, सौर कंदील, प्रथमोपचाराची पेटी, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि सॅनिटरी पॅड. शेवटची वस्तू यादीत कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिली.

हे सगळं विकत आणायचं नाही. निम्मं गावातच असतं. शिडी रंगकाम करणाऱ्याकडे, करवत सुताराकडे, दोर बोटवाल्यांकडे, पाणी उपसायचा पंप बागायतदाराकडे. वहीत फक्त लिहायचं : वस्तू काय, मालक कोण, फोन कोणता, वेळेला देणार का. उरलेल्या सामानासाठी ग्रामसंघाच्या बैठकीत विषय काढा. जोखीम प्रवणता निधी ज्या ग्रामसंघाला मिळाला आहे, त्याने तो अशा अडचणीच्या वेळी कसा वापरायचा याचा ठराव आधीच लिहून ठेवावा. बोईसर-तारापूर भागातल्या मैत्रिणींच्या शेजारी तर अख्खी औद्योगिक वसाहत आहे. तिथे जनरेटर आहेत, पंप आहेत, हेल्मेट-हातमोजे आहेत. वादळ झाल्यावर गेटवर जाऊन उभं राहण्यापेक्षा आत्ता ग्रामपंचायतीमार्फत पत्र द्या, तुमच्याकडचं काय, किती दिवस मिळेल ते विचारा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कारखान्यातून आलेले रसायनाचे निळे ड्रम कितीही घासले तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचे नाहीत.

दान कोणतं घ्यायचं आणि कोणतं नको, हेही ठरवा. प्रत्येक आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग येतात, ते निवडण्यात चांगली कामाची माणसं अडकून पडतात आणि शेवटी ते कपडे रस्त्याकडेला भिजत पडतात. फोन आला की नम्रपणे सांगायचं, "दादा, कपडे नकोत, ताडपत्री आणि पत्र्याचे बोल्ट पाठवा." देणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण काय द्यायचं ते त्याला कळत नसतं.

दुसरं, कामाचा क्रम. आधी माणसं मोजा : प्रत्येक घरातलं कोण कुठे आहे. मग रस्ता मोकळा करा, म्हणजे गरोदर बाई किंवा आजारी माणूस बाहेर नेता येईल. मग पाणी, मग छप्पर, मग उजेड. अंगण झाडणं, वाडीतली झाडं तोडणं सगळ्यात शेवटी.

छप्परांचा क्रम कसा लावायचा, यावर थोडं थांबते. तौक्तेनंतर आमच्या भागातल्या एका पाड्यात पोरं पहिल्या दिवसापासून राबली, त्यांचं कौतुकच आहे. पण ज्या घरात भाऊ, दीर, पुतणे होते, त्या घरांवर पहिले पत्रे चढले. आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा वारलेला, घरात सासू आणि दोन मुली. तिच्या छपरावर ताडपत्री पाचव्या दिवशी पडली. पाच दिवस चौघी एका कोपऱ्यात, भाताच्या बियाण्याची गोणी मध्ये धरून बसल्या होत्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. यादी नव्हती, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी झालं. म्हणून यादी आत्ताच करा : एकट्या बायका, अपंग माणूस असलेलं घर, बाळंतीण, म्हातारी माणसं, आणि वीटभट्टीवर गेलेल्यांची बंद घरं. ही यादी मंदिराच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर लावा, म्हणजे नंतर वाद नको.

तिसरं, जिवाची काळजी. मदत करायला गेलेलाच जखमी झाला तर दुप्पट अडचण. तुटलेली तार, ती मेलेली दिसली तरी, हात लावायचा नाही. १९१२ वर कळवायचं. जनरेटर घराच्या आत चालवायचा नाही, त्याच्या धुराला वास नसला तरी तो माणूस मारतो. घरातल्या वायरिंगला तो परस्पर जोडायचाही नाही, त्याची वीज उलटी खांबावर जाते आणि दुरुस्त करणारा लाइनमन मरू शकतो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, फळी टाकून वाशाच्या रेषेवरून चालायचं. पत्र्याचा बोल्ट खोलगट भागात मारला तर पाणी गळतं, तो उंचवट्यावर वॉशर घालून मारायचा. छपरावर दगड ठेवण्यापेक्षा वाळूच्या पिशव्या बांधा, वाऱ्यात दगड खाली कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. यंत्राची करवत फक्त ज्याला सवय आहे त्याच्याच हातात द्यायची.

चौथं, पंचनामा. उत्साहाच्या भरात आपण सगळं साफ करून टाकतो आणि तलाठी येतात तेव्हा दाखवायला काही उरत नाही. निसर्ग वादळानंतर पूर्ण पडलेल्या घराला सरकारने दीड लाख रुपये दिले होते. पण पैसे नोंदीवर मिळतात. म्हणून हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, घर आणि घरातलं माणूस दोन्ही दिसतील असा. झाडं मोजून लिहा. बोट, जाळी यांचं नुकसान मत्स्यव्यवसाय खात्याकडे, शेतीचं कृषी सहायकाकडे. घर बाईच्या नावावर नसेल, तरी पंचनाम्याच्या वेळी ती तिथे हजर असली पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा, श्रमदानाचा. रोजच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या बाईला चार दिवस फुकट राबा म्हणणं हा अन्याय आहे. एक-दोन दिवस सगळ्यांचे, त्यापुढे ग्रामपंचायतीशी बोलून मजुरी किंवा निदान शिधा, असा नियम करा. आणि हजेरीवहीत सगळ्यांची नावं लिहा. झाड तोडणाऱ्याचं नाव लिहिलं जातं, पण पन्नास माणसांसाठी भात-वरण रांधणारीचं, विहीर उपसणारीचं, बाळंतिणीजवळ रात्रभर बसणारीचं लिहिलं जात नाही. हे सगळं श्रमदानच आहे. ज्याची नोंद नाही त्याला बैठकीत किंमत नाही, हे गट चालवताना आपण शिकलो आहोत.

सरकारची आपदा मित्र योजनाही आहे. देशातल्या ३५० आपत्तीप्रवण जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात ठरलं. असं प्रशिक्षण आपल्याकडे पुढे केव्हा आहे, हे पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा आणि प्रत्येक ग्रामसंघातून दोन मुलींची नावं द्या. फोन लिहून घ्या : जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, कोणत्याही संकटाला ११२, समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दल १५५४.

येत्या बैठकीत बचत आणि कर्जवसुली झाली की दहा मिनिटं जास्त बसा. एक वही, दोन याद्या : सामानाची आणि घरांची. जून लागण्याआधी दोन्ही लिहून झाल्या पाहिजेत. तुमच्या यादीत काय काय जमलं, ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या वेळी इतर गटांनाही वाचून दाखवू.