बशीच्या बुडाशी लिहिलेलं साल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जुनी घरं उतरवायला काढली की सगळ्यात शेवटी माळा रिकामा होतो. तांब्यापितळेची भांडी आधीच वजनावर गेलेली असतात. सागवानी तुळया, खांब, चौकटी यांना गिऱ्हाईक तयारच असतं. मागे राहतात त्या जुन्या ‘पुढारी’च्या कागदांत गुंडाळलेल्या कपबश्या, एखादी मोठी निळी थाळी, झाकण हरवलेलं सूपाचं भांडं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: “इंग्लंडचं हाय ते. राणीच्या राज्यातलं.”

कधी ते खरं असतं. पण माझ्या पाहण्यात असं सांगितलेला निम्मा माल इंग्लंडचा नसतो, आणि इंग्लंडचा निघालाच तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला नसतो. भांडं पालथं घालून दोन मिनिटं नीट पाहिलं तर बहुतेक वेळा याचा निकाल तिथेच लागतो.

पाहायचं कसं, हे कोल्हापूरकरांना शिकायला लांब जायला नको. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांपासून बहमनींपर्यंतचे थर उलगडले. तिथल्या मातीतून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझ मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. अशा उत्खननात थराचा काळ ठरवायला नाणं फार उपयोगी पडतं, पण ते एकच गोष्ट खात्रीने सांगतं: हा थर या नाण्याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो. बशीच्या बुडावरचा छापही नेमकं एवढंच सांगतो. हौशी माणसं इथेच घसरतात. छापात सर्वांत जुनं जे साल दिसेल ते ती भांड्याचं जन्मसाल म्हणून धरतात.

सुरुवात सोप्या खुणेपासून करू. बुडाशी ‘इंग्लंड’ असं लिहिलेलं असेल तर माल साधारण १८९१ नंतरचा. या सालाचा ना इंग्लंडशी संबंध, ना हिंदुस्थानाशी. अमेरिकेने १८९० साली नवा जकात कायदा केला, आणि पुढच्या वर्षापासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचे भांड्यांचे कारखानदार अमेरिकेसाठी वेगळा आणि मुंबईसाठी वेगळा छाप कशाला ठेवतील? देशाचं नाव सरसकट सगळ्या मालावर आलं. गंमत अशी की मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली तीही १८९१ सालीच. त्याआधी इथवर चिनी मातीचं सामान आणायचं म्हणजे निदान शेवटचा टप्पा तरी बैलगाडीचा, आणि त्यात काय फुटेल याचा नेम नाही. तेव्हा कोल्हापुरात इंग्लिश भांड्यावर देशाचं नाव सापडणं हेच साहजिक आहे. नाव नसलेलं भांडं निघालं तर मात्र थांबून पाहावं, पण लगेच हुरळूनही जाऊ नये. लहान कपांवर, सेटमधल्या किरकोळ नगांवर पुढेही कित्येकदा छाप मारत नसत.

‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण शब्द असतील तर आणखी अलीकडे या. ती विसाव्या शतकातली पद्धत, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती खरी रुळली. ‘बोन चायना’ हे शब्द छापात ठळकपणे दिसले तरी काळ विसाव्या शतकाचाच धरावा. हाडांची राख घालून केलेली ही पांढरीशुभ्र, उजेडापुढे धरली तर बोटांची सावली दाखवणारी भांडी इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होत होती. पण तसं बुडावर लिहून मिरवायची पद्धत फार उशिरा आली.

आता खरी मौज. काही जुन्या थाळ्यांच्या बुडाशी पतंगाच्या आकाराची एक छोटी चौकट असते. तिच्या कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे, माथ्यावर एक गोल, आणि गोलात रोमन चार. हा चार म्हणजे मातीच्या भांड्यांचा वर्ग. १८४२ पासून इंग्लंडमध्ये सरकारदरबारी नोंदलेल्या नक्षीला ही खूण मिळू लागली, म्हणजे दुसऱ्या कारखान्याने ती नक्षी उचलू नये. त्या नोंदीचा दिवस, महिना आणि वर्ष या चौकटीत सांकेतिक अक्षरांनी लिहिलेलं असतं. १८४२ ते १८६७ या काळात वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, १८६८ ते १८८३ या काळात ते उजवीकडे सरकलं. अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमाने चालत नाहीत, त्यामुळे तक्ता जवळ लागतोच. शिवाय तेच अक्षर दोन्ही फेऱ्यांत येतं. एक्स हे अक्षर वर असेल तर १८४२, उजवीकडे असेल तर १८६८. जागा चुकली की सव्वीस वर्षांचा फरक.

१८८४ पासून ही चौकट बंद झाली आणि एकपासून सलग नोंदणी क्रमांक सुरू झाले. आकड्याआधी ‘आरडी नं.’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. १९०० च्या सुरुवातीला हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत आला होता, आणि पाच लाखांचा टप्पा १९०७ च्या आसपास ओलांडला गेला. पेठेतल्या एका घरी मला गुलाबाच्या वेलीची किनार असलेली सहा ताटल्यांची चळत दाखवली. पणजीच्या लग्नातली, आणि ते लग्न राणीच्या काळातलं, असं घरचे सांगत होते. बुडावरचा आकडा पाच लाखांच्या पुढचा होता. म्हणजे राणी जाऊन सहा वर्षं तरी झाल्यावर ती नक्षी नोंदली गेली. ताटल्या त्याहूनही नंतरच्या असतील, कारण खपणारी नक्षी कारखाने वीस-वीस, तीस-तीस वर्षं छापत राहत. बहुधा त्या आजीच्या लग्नातल्या असाव्यात. घरच्यांना हे काही फारसं रुचलं नाही, आणि मीही ताणून धरलं नाही.

राजमुद्रा पाहून भुलणारेही पुष्कळ. सिंह, एकशिंगी घोडा आणि मध्ये ढाल असा छाप असला म्हणजे भांडं राजघराण्यासाठी बनलं असं नाही. शेकडो कारखाने ही मुद्रा आपापल्या नावावर ठोकत असत. कामाचा आहे तो ढालीतला तपशील. मोठ्या ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असेल तर ते चित्र १८३७ पूर्वीच्या राजचिन्हाचं. ती छोटी ढाल हॅनोव्हरच्या राज्याची. तिथे बाईला गादी मिळत नसे, म्हणून व्हिक्टोरिया राणी झाली तेव्हा हॅनोव्हर तिच्या काकाकडे गेलं आणि राजचिन्हातून ती ढाल गळाली.

कारखान्यांची नावं बदलत गेली, त्याचाही फायदा होतो. स्टोकचा स्पोड कारखाना १८३३ साली कोपलंड आणि गॅरेट या भागीदारांकडे गेला. १८४७ साली गॅरेट बाहेर पडला आणि कोपलंड एकटा उरला. तेव्हा दोन्ही नावं एकत्र दिसली तर चौदा वर्षांचा नेमका टप्पा हाती येतो. वेजवूडच्या बाबतीत मात्र जपून. जोसाया वेजवूडच्या घराण्याच्या मालावर नुसतं ‘वेजवूड’ असतं. त्यापुढे ‘अँड कंपनी’ आलं तर तो टनस्टॉलचा वेगळाच कारखाना, आणि स्पेलिंगमध्ये मधे एक ‘ई’ जास्त असेल तर तो त्या नावाच्या पुण्याईवर जगणारा तिसराच कोणी.

छाप नसेल तर नक्षी वाचायची. निळ्या चित्रांच्या थाळ्या हातांनी रंगवलेल्या नसतात. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यावरून पातळ कागदावर छाप घ्यायचा, त्या ओल्या कागदावरून चित्र भांड्यावर उतरवायचं आणि वरून झिलई चढवून भाजायचं. किनारीवर नीट पाहा. कुठेतरी वेल तुटलेली किंवा एकावर एक चढलेली दिसेल. कागदाचे तुकडे जोडले तिथला तो सांधा. आपल्याकडचीच चित्रंही अशा थाळ्यांवर गेली. डॅनियल काका-पुतण्याने हिंदुस्थानात फिरून काढलेल्या देवळा-मशिदींच्या चित्रांवरून लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने थाळ्या छापल्या. स्पोडने १८१५ च्या सुमारास कॅप्टन विल्यमसनच्या शिकारीवरच्या पुस्तकातली चित्रं उचलली. १८४२ च्या कायद्याने अशा उचलेगिरीला चाप बसला, आणि त्यानंतर थाळ्यांवर कुठलीच नसलेली, मनानेच रचलेली तळी, कमानी आणि डोंगर वाढले. खरी, ओळखू येणारी इमारत दिसली तर काळ त्या सालाच्या अलीकडचा की पलीकडचा, हे आधी तपासावं.

पण पेठेतल्या माळ्यांवर जास्त काय सापडतं? जपान, चेकोस्लोव्हाकिया, जर्मनी, हॉलंड. चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ साली जन्मला, त्यामुळे तिथे वाद उरत नाही. जपानी मालावर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’ असे, नंतर ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा काळ. मास्ट्रिख्टचा माल हॉलंडचा, पण नक्षी इतकी इंग्लिश वळणाची की भले भले फसतात. जर्मन मालावर देशाचं नाव घालायला खुद्द इंग्रजांनीच १८८७ साली भाग पाडलं. स्वस्त जर्मन माल इंग्लिश म्हणून खपतोय, ही त्यांची तक्रार होती.

हे सगळं आपल्या घरात कुठे ठेवलं जाई, हाही इतिहासच आहे. सोवळं पाळणाऱ्या घरांत चिनी मातीला स्वयंपाकघरात प्रवेश नसे. कपबश्या बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांसाठी. म्हणूनच अशा घरांतले सेट कमी झिजलेले सापडतात. आणि कपाची दुसरी बाजूही होती: वेगळा ठेवलेला, बहुधा कान तुटलेला कप, ज्यातून ‘खालच्या’ मानलेल्या माणसाला लांबून चहा ओतला जाई. अशाच ‘खालच्या’ मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, आणि शाहू महाराज खडखड्यातून तिथे जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायले. त्या कपाच्या बुडाशी कुठल्या देशाचं नाव होतं, हे विचारण्याचं तेव्हा कोणालाच कारण नव्हतं.

लोणच्याच्या बरणीला मात्र सोवळ्यातही मान होता. वर बदामी, खाली पिवळसर पांढरी अशी जाड बरणी पाहिली की लोक तिलाही विलायती म्हणतात. ब्रिस्टलच्या प्राइस कारखान्यासारख्यांचा छाप दगडी मातीच्या भांड्यांवर असतो, पण तो बुडाजवळ ठोकलेला असायला हवा. नाहीतर ग्वाल्हेर, राणीगंज किंवा सौराष्ट्रातलं थान-वांकानेर अशी जवळची नावं आधी मनात आणावीत. सौराष्ट्रातला तो उद्योग उभा करण्यात परशुराम गणपुले या मराठी माणसाचा मोठा वाटा होता.

बाजारात बनावटही आहे. ‘व्हिक्टोरिया वेअर, आयर्नस्टोन’ असा ठसठशीत छाप, फुटलेल्या शाईसारखा गर्द निळा रंग आणि मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून आणलेला पिवळेपणा असेल तर हात आखडता घ्या. खरी झीज बुडाच्या कड्यावर असते, जिथे भांडं फळीवर घासतं. आणि थाळीवर सुरीचे बारीक ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना असतात, एकाच दिशेला नाहीत.

भांडी काढलीच आहेत तर ब्लीचमध्ये बुडवू नका, झिलईखाली शिरून ते तिला आतून उखडतं. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. आणखी एक: जुन्या निळ्या थाळ्यांच्या झिलईत शिसं असतं, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. झिलईवर जाळीसारखे तडे गेले असतील तर धोका जास्त. तेव्हा मिठाच्या झिलईची बरणी लोणच्याला खुशाल वापरा, पण पणजीच्या निळ्या वाडग्यात दह्याची कोशिंबीर कालवू नका. तो कपाटातच बरा.