१३३व्या जागेवरचा टिळा

रात्रीच्या वेळी, काळोखात असलेल्या हॅम्स्टरवर उजेड पाडला तर त्याच्या मेंदूत काय होतं? १९९३ साली डेव्हिड गिंटी, जोसेफ ताकाहाशी, मायकेल ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिलं. शरीराचं घड्याळ चालवणारा मेंदूतला जो इवलासा भाग, तिथल्या पेशींमध्ये काही मिनिटांतच एका प्रथिनावर फॉस्फेट येऊन चिकटलं. खरी गंमत पुढेच आहे. हॅम्स्टरच्या शरीराच्या हिशेबाने दिवस चालू असताना तसाच उजेड पाडला, तर काहीच नाही! म्हणजे उजेड डोळ्यांना दिसला तरी तो मनावर घ्यायचा की नाही, हे घड्याळ ठरवतं.

त्या प्रथिनाचं नाव क्रेब. काम जनुकं चालू करण्याचं. पेशीच्या केंद्रकात ते बहुतेक वेळा आधीच हजर असतं, पण गप्प. त्याच्या ३४१ अमिनो आम्लांच्या साखळीत १३३व्या जागी सेरीन आहे. त्यावर फॉस्फेट आलं की क्रेब सीबीपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जवळ ओढतं आणि जनुकांचं वाचन सुरू होतं. एक फॉस्फरस, थोडे ऑक्सिजन, बस्स! वजनात अर्धा टक्कासुद्धा भर नाही. ३४१ माणसांच्या रांगेत १३३व्याने कपाळाला टिळा लावावा आणि तेवढ्याने अख्खं गाव जागं व्हावं, तसं हे.

मग हा टिळा दिसतो कसा?

अशा कामात नेहमीचा मदतनीस ससा. त्या जागेभोवतीचा साखळीचा छोटा तुकडा फॉस्फेटसकट प्रयोगशाळेत बनवायचा, मोठ्या प्रथिनाला जोडायचा आणि सशाला टोचायचा. ससा त्याला परका समजून प्रतिपिंडं तयार करतो. त्यांतली काही बिनफॉस्फेटच्या तुकड्यालाही चिकटतात. ती गाळून टाकायची. उरतात ती फक्त फॉस्फेटवालं क्रेब धरतात. सशाला रसायनशास्त्राचा गंध नाही, तरी मूठभर अणूंचा फरक त्याच्या रक्ताला कळतो!

पण ससा अमर नसतो. त्याचं रक्त संपलं की दुसरा ससा, आणि दुसऱ्याचं मिश्रण पहिल्यासारखं हुबेहूब कधीच नाही. यावरचा उपाय मला तर मूळ प्रयोगाइतकाच थक्क करतो. उत्तम प्रतिपिंड बनवणारी एक पेशी हेरायची, तिच्यातली त्या प्रतिपिंडाची जनुकं वाचून काढायची आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये घालायची. झालं रिकॉम्बिनंट प्रतिपिंड! आता ते म्हणजे अक्षरांची एक यादी; दहा वर्षांनी बनवलं तरी रेणू तोच.

तरी त्याच्यावर डोळे मिटून विसंबत नाहीत. नमुन्यात फॉस्फेट काढून टाकणारं विकर घालतात; त्यानंतर प्रतिपिंड चिकटेनासं झालं तरच ते पास. एवढं करूनही क्रेबचं भावंड एटीएफ-१ मध्ये लुडबुडतं. त्याच्या ६३व्या जागेभोवतीची अमिनो आम्लं इतकी सारखी की क्रेबसाठीची काही प्रतिपिंडं त्यालाही धरतात. प्रथिनं आकारानुसार वेगळी केली तर दोघांच्या पट्ट्या वेगळ्या दिसतात. पेशींच्या रंगवलेल्या चित्रात मात्र दोघं एकच भासतात. तेव्हा असं झगमगतं चित्र समोर आलं, की आधी विचारा: हे क्रेब की एटीएफ-१?