दुधाच्या दाढेचं मूळ किती लांब?

दुधाच्या दाढेचं मूळ कायम तेवढंच राहत नाही. खालून पक्का दात सरकू लागला की ते झिजतं. झीज बहुधा तिरकी, त्यामुळे एक्स-रेत शाबूत दिसणारं मूळ एका बाजूने आखूड झालेलं असू शकतं. म्हणून रूट कॅनॉल उपचारात मुळाचं टोक शोधायला अ‍ॅपेक्स लोकेटर हे विद्युत यंत्र कामी येतं. एक क्लिप ओठाला, दुसरी मुळाच्या पोकळीत, म्हणजे कॅनॉलमध्ये, घातलेल्या बारीक फाइलला. (मूल हललं, क्लिप सुटली, की पुन्हा पहिल्यापासून!) फाइल टोकाला पोचली की विद्युतरोध सुमारे ६.५ किलोओहम भरतो, हे जपानी संशोधक सुनादांनी १९६२ मध्ये मांडलं; सुरुवातीची यंत्रं त्यावरच बेतली. मग फाइलवरचा रबरी स्टॉपर दाढेच्या उंचवट्याला टेकवून पट्टीवर अंतर मोजतात. कॅनॉलची सफाई मात्र टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवतात, कारण पलीकडे पक्क्या दाताचा अंकुर असतो.