लाकडी डेकचे नित्यकर्म

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत लाकूड कुठून आलं, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. मांजरीच्या एका श्रोत्याने मागच्या वेळी विचारलं होतं : "गच्चीवरचा लाकडी डेक चार पावसाळ्यांत करडा पडला, पावसात त्यावर शेवाळ धरतं, आई घसरता घसरता वाचली. आता सगळा उखडून टाइल्स बसवाव्यात का?" प्रश्न खर्चाचा आहे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडांचाही आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

मीमांसकांनी कर्माचे तीन प्रकार सांगितले : नित्य, नैमित्तिक आणि काम्य. रोज करायचं ते नित्य, काही निमित्त घडलं की करायचं ते नैमित्तिक, फळाच्या इच्छेने करायचं ते काम्य. डेकच्या बाबतीत आपली गाडी काम्यावरच अडते. रंग कुठला, चमक किती, एवढंच आपण दुकानात विचारतो. नित्यकर्माचं एक वैशिष्ट्य सांगितलं जातं : ते केल्याने वेगळं फळ नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. यावर शंकराचार्यांचा आक्षेप आहे. न करणं हा तर अभाव; अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी निर्माण होईल?

हा आक्षेप डेकला चपखल लागू पडतो. आपल्या आळसाने लाकूड कुजत नाही. कुजवणारे वेगळेच असतात, आपण फक्त त्यांना मोकळं रान देतो. ते कोण, हे कळलं की काय करायचं ते आपोआप कळतं.

पहिलं ऊन. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने बांधलेले असतात. उन्हातले अतिनील किरण ते तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर करडे, सुटे तंतू उरतात. हे नुकसान वरच्या पातळ थरातच असतं. म्हणजे करडा डेक मेलेला नसतो.

दुसरं पाणी. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगतं, वाळलं की आक्रसतं. लांबीत मात्र जवळपास बदलत नाही. म्हणून फळ्या वाकतात, चिरतात, आणि म्हणून दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट हवी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणारी बुरशी धरते. फळीचं कापलेलं टोक तर पाणी सर्वांत जास्त ओढतं.

आपल्या वाडे बांधणाऱ्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळचा, १८०७ च्या सुमाराचा. वाड्यांमधले लाकडी खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभे करत. खांबाचं कापलेलं टोक ओल्या मातीपासून दूर. वर पुढे आलेली वळचण, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. सागवान चांगलं होतंच, पण त्याला कोरडं ठेवायची सोयही होती. आपला डेक मात्र उघड्यावर आडवा पडलेला. चार महिने पाऊस, मग एप्रिल-मेचं ऊन. वळचण नाही, तर तिचं काम आपल्या हाताने करावं लागणार.

आता कृती. नित्य : झाडू मारायचा, फटींतला पालापाचोळा काढायचा, कुंड्या थेट फळीवर न ठेवता स्टँडवर ठेवायच्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ताठ ब्रशने शेवाळ घासायचं. आई घसरते ती शेवाळावर, लाकडावर नाही.

नैमित्तिक : पाऊस संपला की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाण्याचे चार थेंब फळीवर टाकून बघा. दहा मिनिटं मोत्यासारखे उभे राहिले तर या वर्षी काही करू नका. मुरले तर स्टेनची वेळ झाली. आधी धुवा, प्रेशरचा जोरदार फवारा नको, तो तंतू उचकटतो. खिळ्यांभोवतीचे काळे डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनमुळे पडतात. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातात. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि भरपूर पाण्याने धुवा. मग डेक नीट वाळू द्या. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने फळीच्या रेषांच्या दिशेने घासा. फार गुळगुळीत केलं तर स्टेन आत मुरत नाही.

स्टेन की व्हार्निश? व्हार्निशचा वर पापुद्रा बसतो. फळी फुगली-आक्रसली की तो तडकतो, तडीतून पाणी आत जातं आणि अडकतं. मुरणारा तेलाचा स्टेन सोलत नाही, फक्त फिका होतो. त्यातलं रंगद्रव्य ऊन अडवतं, म्हणून अगदी पारदर्शक स्टेन उन्हात लवकर हरतो. सावलीत, सकाळी, पातळ हात द्या, टोकांना दोनदा. पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं.

आणि ती तेलाची फडकी! त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारखी तेलं वाळताना उष्णता सोडतात. बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकडी वैभव गेलं, दगड उरला. आग लाकडाला क्षमा करत नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

मग उखडायचं की नाही? स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फळ्यांची टोकं, खालचे लाकडी आधार टोचून बघा. टोक आत सहज शिरलं तर ते लाकूड गेलं. एक-दोन फळ्या असतील तर तेवढ्याच बदला. आधारच मऊ झाले असतील तर स्टेनने काही होणार नाही. त्यावर चालणं थांबवा आणि सुतार बोलवा. पण सगळं टणक असून नुसतं करडं असेल, तर उखडणं म्हणजे धुण्याने जाणारा मळ पाहून कपडा फेकून देणं.

आणि वर्षाला दोन-तीन दिवस यासाठी काढणं घरात कुणालाच शक्य नसेल, तर टाइल्स लावणं हाही प्रामाणिक निर्णय आहे. फक्त तो लाकडाच्या माथी मारू नये. लाकूड घेतलं तेव्हा त्याचं नित्यकर्मही आपण घेतलं होतं, एवढं लक्षात असू द्यावं.