गोफणीची मूठ

हुरडा भरायला लागला की शेतात माळा उभा राहतो आणि माळ्यावर गोफण फिरू लागते. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत, मधल्या विणलेल्या झोळीत खडा. डोक्यावरून दोन-तीन गरके, चिमूट सैल, की खडा सूंऽऽ करत पाखरांच्या थव्यावर.

त्या गरक्यांचा हिशेब मांडून बघा. खडा 100 ग्रॅमचा, दोरी 1 मीटरची, सेकंदाला 2 फेरे. एवढ्यासाठी दोरीला तो खडा जवळपास 16 न्यूटन बलानं आत ओढून धरावा लागतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या सोळापट! बोटाला फास काचतो तो उगाच नाही. हेच अभिकेंद्री बल. आणि एवढ्या ओढाताणीत या बलानं खड्यावर केलेलं कार्य किती? शून्य.

भौतिकशास्त्रातलं ‘कार्य’ भलतं कंजूष असतं. बलाच्या दिशेनं वस्तू थोडी तरी सरकली तरच ते खात्यावर जमा. खडा चाललाय वर्तुळाच्या कडेनं आणि ओढ आहे तिला काटकोनात. अशी ओढ वाट वाकवते. वेग ना वाढवते, ना घटवते. चिमूट सुटली की खडा केंद्रापासून थेट बाहेर उडतो, असं पुष्कळांना वाटतं. पण तो त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच, स्पर्शिकेवरून, सरळ निघतो. पाखरं समोर असली तर राखणदार खडा बाजूला असतानाच चिमूट सोडतो. त्याला हे कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं.

मग खड्याला वेग येतो कुठून? त्यासाठी मुठीकडे बघायला हवं. मूठ एका जागी नसतेच. तीही एक लहानसं वर्तुळ काढते आणि खड्याच्या किंचित पुढे राहते. त्यामुळे दोरी आत ओढता ओढता जराशी पुढेही ओढते. सगळं कार्य त्या ‘जराशा’त.

आता मान वर करा. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर, सेकंदाला साधारण 1 किलोमीटर वेगानं फिरतोय. 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’त न्यूटननं ज्या केंद्राकडच्या बलाची व्याख्या मांडली, तेच बल या चंद्रालाही धरून आहे. 2 वर वीस शून्यं मांडावीत इतके न्यूटन! तरी दर सेकंदाला चंद्र आपल्याकडे पडतो जेमतेम 1.4 मिलिमीटर, तेवढ्यात तो किलोमीटरभर पुढे निसटलेला असतो. त्याची वाट थोडी लंबगोल, म्हणून जवळ येताना वेग वाढतो, दूर जाताना घटतो. फेरी पुरी झाली की जमाखर्च फिटतो.

जवळजवळ फिटतो. कारण पृथ्वीची मूठही स्थिर नाही. चंद्राच्या ओढीनं समुद्राला फुगवटा येतो, तीच आपली भरती. पण पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा कितीतरी झपाट्यानं स्वतःभोवती गिरकी घेते आणि घर्षणामुळे भरतीचा हा फुगवटा, एकूण हिशेबात, चंद्राच्या किंचित पुढे खेचला जातो. तिथून तो चंद्राला जरासा पुढे ओढत राहतो. थेट गोफणीची युक्ती! 1969 पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून अंतर मोजतात, तेव्हा दिसतं की चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर लांब सरकतोय.

याचा खर्च पृथ्वी आपल्या गिरकीतून भागवते. शंभर वर्षांत दिवस लांबतो, सुमारे 2 मिलिसेकंदांनी.