कारियातले रात्रीचे नऊ

कारिया, आइची प्रांत, जपान

आमच्याकडे रात्रीचे साडेबारा, म्हणजे बहिणीकडे पिंपरी-चिंचवडच्या भोसरीत नऊ. एवढ्या उशिरा भाच्याचा फोन आला तसं काळजात धस्स झालं. तो आठवीत आहे. वर्गातल्या पोरांनी त्याच्या फोटोचं स्टिकर केलं होतं. ते दोन-तीन ग्रुपवर फिरत होतं आणि जो तो त्याखाली हसण्याच्या इमोजी टाकत होता. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवले आणि म्हणाला, "मावशी, मम्मीला सांगू नकोस. ती फोन काढून घेईल."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. छळाचा त्रास होताच, पण फोन जाण्याची धास्ती त्याहून मोठी होती. मी राहते त्या गावाने नेमका याच गाठीला हात घातला आहे, म्हणून हे पत्र.

कारिया हे नागोयाजवळचं दीड लाख वस्तीचं गाव. डेन्सो, आयसिन, टोयोटा इंडस्ट्रीज यांची मुख्यालयं इथलीच. निगडी-चाकणकडून आलेल्या माणसाला इथे फार परकं वाटत नाही. शिफ्ट सुटताना रस्त्यावर तशीच गर्दी, आणि पाळीप्रमाणे जेवणारी-झोपणारी तशीच घरं. आम्हीही चाकणच्या कारखान्यातूनच इथे आलो.

एप्रिल 2014 मध्ये इथल्या 21 सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांनी पालकांच्या साथीने एक गोष्ट ठरवली: रात्री नऊ वाजले की मुलांचे फोन पालकांच्या ताब्यात. दंड नाही, शिक्षा नाही. बाहेरून बघताना मला ती शिस्तीची बाब वाटली होती. मुलगी चूगाक्कोत, म्हणजे सातवीच्या वर्गात गेली तेव्हा तिचा खरा अर्थ कळला.

इथली पोरं 'लाइन' या ॲपवर बोलतात. समोरच्याने निरोप उघडला की त्याखाली 'किदोकु' असं येतं, म्हणजे 'वाचलं'. वाचून उत्तर दिलं नाही, तर त्याला 'किदोकु-सुरू' म्हणतात, वाचून दुर्लक्ष. तोच मग गुन्हा ठरतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा एक नवा ग्रुप तयार होतो आणि त्यात तू नसतेस. यालाही नाव आहे, 'लाइन-हाझुशी'. त्यामुळे झोप आलेली असते, अभ्यास पडलेला असतो, तरी मूल फोन खाली ठेवत नाही. मजा येते म्हणून नाही, उठून गेलं तर आपल्यामागे आपलंच नाव निघेल या भीतीने.

नऊच्या नियमाने या मुलांना एक सबब दिली. 'नऊनंतर माझा फोन आईकडे असतो' हे वाक्य गावातलं कुठलंही मूल म्हणू शकतं आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. माझी मुलगी फोन ओट्यावर ठेवून जाते. एकदा म्हणाली, "आई, नऊ वाजले की मला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही." एकट्या आईने फोन घेतला तर ती शिक्षा होते. सगळ्या गावाने मिळून ठरवून घेतला, की तोच मुलाचा आडोसा होतो.

इथवर हा देश सुखासुखी आलेला नाही. कारियापासून थोड्याच अंतरावरच्या निशिओ गावात नोव्हेंबर 1994 मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाने वर्गमित्रांच्या छळापायी जीव दिला. त्याने मागे ठेवलेल्या पत्राने सारा जपान हलला आणि पुढच्याच वर्षी शाळांत समुपदेशक नेमायला सुरुवात झाली. 2011 मध्ये ओत्सु शहरात तेच घडलं. तिथे तर शिक्षण मंडळ सुरुवातीला छळाचा आणि मृत्यूचा संबंध मान्य करायलाही तयार नव्हतं. लोक संतापले, आणि 2013 मध्ये छळप्रतिबंधाचा कायदा झाला.

त्या कायद्यातली व्याख्या मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वागण्याने, मग ते इंटरनेटवरचं का असेना, मुलाला मनाची किंवा शरीराची पीडा झाली, तर तो 'इजिमे', म्हणजे छळ. करणाऱ्याचा हेतू काय होता, मस्करी होती की काय, हा प्रश्न आधी येत नाही. आधी येतं ते ज्याला दुखलं त्याचं दुखणं. आपल्याकडे गाडी 'पोरं आहेत, चालायचंच' यापाशीच थांबते.

2023 च्या शैक्षणिक वर्षात जपानी शाळांनी छळाची 7,32,568 प्रकरणं नोंदवली. त्यातली 24,678 फोन-संगणकावरची. आकडा वाचून मी हबकले होते. पण इथलं शिक्षण मंत्रालय मोठ्या आकड्याला शाळेची नामुष्की मानत नाही, शाळेचं लक्ष आहे असं मानतं. उलट जी शाळा शून्य प्रकरणं कळवते, तिने तो शून्य मुलांपुढे आणि पालकांपुढे ठेवावा, म्हणजे काही नजरेतून सुटलं असेल तर ते पुढे येईल, अशी सूचना आहे. आपल्या शाळा 'आमच्याकडे असले प्रकार नाहीत' असं अभिमानाने सांगतात, तेव्हा मला ही सूचना आठवते.

तरीही चुका होतात, आणि त्या जीवघेण्या असतात. तोक्यो महानगरातल्या माचिदात 2020 मध्ये सहावीतल्या मुलीचा छळ शाळेनेच वाटलेल्या टॅब्लेटवरच्या चॅटमधून झाल्याचा आरोप झाला. पासवर्ड सगळ्या मुलांना ठाऊक असलेला, एकच. ती मुलगी वाचली नाही. त्याच वर्षी बावीस वर्षांची कुस्तीपटू हाना किमुरा समाजमाध्यमांवरच्या शिव्यांच्या माऱ्यापायी जिवानिशी गेली. तिला छळणाऱ्या एकाला दंड झाला तो फक्त नऊ हजार येन. 2022 मध्ये कायदा बदलला, आता अशा अपमानाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडे कायद्याची वाट वेगळ्या वळणाने गेली. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. असल्याच प्रकारांमुळे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ कलम रद्द केलं. ते योग्यच झालं. पाठलाग, अश्लील चित्रं, मुलांचं लैंगिक शोषण यांसाठी कलमं आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत. 1930 वर सायबर तक्रार करता येते, मुलांसाठी 1098 आहे, आणि 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतःचं पोलीस आयुक्तालय आहे. पण आठवीतल्या पोराचं स्टिकर आणि त्याखालचं हसू यातल्या कुठल्या कलमात बसवणार? आणि हसणाऱ्या तेरा वर्षांच्या पोरांना चौकीत बसवावं, असं मला वाटतही नाही. ते काम शाळेचं आणि घरांचं आहे. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असते. त्यांच्या कामात हा छळ नाव घेऊन आला पाहिजे.

आणि सगळ्यांनी मिळून ठरवण्याची रीत आपल्याला नवी नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद राहतात. उद्देश अभ्यासाचा होता, पण तत्त्व कारियाचंच: सगळेच बंद, म्हणून कुणी एकटा मागे पडत नाही.

आमच्या भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मात्र एक अडचण आहे. नऊला फोन घ्यायला घरात कुणीतरी जागं हवं. माझी बहीण पहाटे साडेचारला उठते, सहाच्या आधी कंपनीची बस गाठते आणि रात्री नऊला तिचे डोळे मिटलेले असतात. दाजी सेकंड शिफ्टला, घरी यायला बारा. इथेही हाच प्रश्न आहे. शेजारच्या तोयोआके शहराने 1 ऑक्टोबर 2025 पासून फावल्या वेळात दिवसाला दोनच तास स्क्रीन, असा नियम केला, तोही दंडाशिवाय. त्यावर कडाडून टीका झाली. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खातीच बंद करायला लावली. शिफ्टमधल्या आईबापांचा विचार या दोन्हींत मला दिसला नाही.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, मम्मीशी मी आधी बोलते. बहिणीला सांगितलं, फोन काढून घेऊ नकोस, आधी स्क्रीनशॉट बघ. तिला राग आवरायला दोन दिवस लागले. मग ती वर्गशिक्षिकांना भेटली, स्टिकर करणाऱ्या दोघांच्या आयाही आल्या. त्यांच्या बिल्डिंगमधल्या पाच घरांनी पुढे जमून एक ठरवलं. तळमजल्यावरच्या आजी अकरापर्यंत जाग्या असतात. त्यांच्याकडे एक मोठा स्टीलचा डबा आहे, नऊला पाचही पोरांचे फोन त्यात जातात आणि सकाळी शाळेआधी परत मिळतात.

परवा भाच्याचा फोन तिकडच्या साडेआठलाच आला. गणिताच्या पेपरचं सांगत होता. मध्येच थांबून म्हणाला, "मावशी, पटपट बोल, अर्ध्या तासात डबा बंद होतो."